एडी फॉस्टर की फ्रँक विल्सन? सासऱ्यांच्या खोक्यातल्या नॉर्दर्न सोलच्या रेकॉर्डबद्दल

इंग्लंडमधल्या बोल्टनला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे सासरे सत्तरीच्या घरातले, तरुणपणी दर शनिवारी विगन कसिनो या क्लबात अमेरिकन सोल गाण्यांवर रात्रभर नाचायला जाणारे. घरात 45 च्या (मिनिटाला 45 फेऱ्यांच्या) छोट्या रेकॉर्डचा एक खोका आहे आणि प्रत्येक रेकॉर्डमागे सासऱ्यांची एक गोष्ट आहे. पण गोष्टी आणि लेबलं जुळत नाहीत. एका रेकॉर्डवर फ्रँक विल्सन असं छापलंय, सासरे मात्र ठामपणे म्हणतात, हा एडी फॉस्टर. ताईंच्या नवऱ्याला वाटतं की वडिलांना आता विसरायला व्हायला लागलंय. तेव्हा या आठवणींवर किती विश्वास ठेवायचा, रेकॉर्ड अस्सल आहेत का, आणि विकाव्यात का, असं त्यांनी विचारलंय.

मी लँकशायरमध्ये बरीच वर्षं जुन्या रेकॉर्ड घेण्या-विकण्याचं काम करतो. कसिनो बंद झाल्यानंतर खूप वर्षांनी मी इकडे आलो, त्यामुळे तिथल्या रात्री मी पाहिलेल्या नाहीत. पण तिथे नाचलेल्या माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्यासोबत बसून खोकी उपसणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी काळजीचं मिटवू. सासऱ्यांचं एडी फॉस्टर बरोबर आहे. लेबलवरचं फ्रँक विल्सनही बरोबर आहे. विगनला ते गाणं एडी फॉस्टरच्या नावानेच वाजत होतं. हे नाव त्यांच्या तोंडी आहे ही त्यांची आठवण शाबूत असल्याची खूण आहे.

झालं असं. फ्रँक विल्सन हा मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीतला गीतकार आणि निर्माता. त्याने 1965 साली ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ हे गाणं कंपनीच्या ‘सोल’ नावाच्या लेबलसाठी गायलं. रेडिओवाल्यांना पाठवायच्या थोड्या प्रती छापल्या गेल्या, साधारण अडीचशे असं सांगतात. मग प्रकाशनच रद्द झालं आणि बहुतेक प्रती नष्ट केल्या गेल्या. सत्तरच्या दशकात उरलेल्यांपैकी एक प्रत इंग्लंडमधल्या या गाण्यांच्या शौकिनांच्या हाती लागली आणि गाणं विगनला वाजायला लागलं. पण खरं नाव सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून दहा जण अमेरिकेत ती रेकॉर्ड शोधत फिरले असते. म्हणून नाव बदललं. 1979 मध्ये टॅमला मोटाउन या मोटाउनच्याच ब्रिटिश लेबलने ब्रिटनमध्ये ती अधिकृतपणे काढली, तेव्हा लेबलवर फ्रँक विल्सन आलं. तुमच्या खोक्यात बहुधा हीच 1979 ची प्रत असेल. म्हणजे सासऱ्यांनी गाणं ऐकलं एका नावाने आणि विकत घेतलं दुसऱ्या नावाने. तुम्हाला जी विसंगती वाटते ती त्यांच्या डोक्यातली नाही, त्या गाण्याच्या इतिहासातलीच आहे.

खऱ्या लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव सांगायचं, याला इथे ‘कव्हर-अप’ म्हणतात. आपल्याकडे घराण्यातली चीज दुसऱ्या घराण्याच्या गवयाने उचलू नये म्हणून उस्ताद मंडळी ती बाहेरच्यासमोर गात नसत, किंवा गायलीच तर बोल अस्पष्ट ठेवत. त्याच जातीची ही राखण आहे. डीजेचं नाव त्याच्याकडच्या रेकॉर्डवर चालायचं. लोक तीस-चाळीस मैलांवरून येत ते अमुक रेकॉर्ड फक्त अमुक ठिकाणी ऐकायला मिळते म्हणून. नाव फुटलं की ओढ संपली.

ही ओढ कुठून आली ते थोडक्यात सांगायला हवं, कारण सासऱ्यांच्या बोलण्यात ही सगळी ठिकाणं येणार. साठच्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत मोटाउनच्या धर्तीवर वेगवान ठेक्याची गाणी काढणारी असंख्य छोटी लेबलं होती. बहुतेक रेकॉर्ड चालल्याच नाहीत. थोड्या प्रती विकल्या गेल्या, बाकीच्या गोदामात पडल्या. इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरणी आणि कारखान्यांच्या गावांतल्या पोरांना मात्र नेमका तोच ठेका नाचायला हवा होता. मँचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबमध्ये रात्रभराच्या सोलच्या मैफली रंगत. लंडनमध्ये रेकॉर्डचं दुकान चालवणाऱ्या डेव्ह गॉडिन या पत्रकाराच्या लक्षात आलं की उत्तरेकडून येणारी गिऱ्हाइकं फंक नावाचं नवं संगीत मागत नाहीत, जुनी वेगवान गाणीच मागतात. त्यावरून त्याने 1970 मध्ये ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव लेखातून रूढ केलं. व्हील 1971 मध्ये बंद झालं. मग स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या टन्स्टलला गोल्डन टॉर्च, तेही मार्च 1973 मध्ये संपलं. 23 सप्टेंबर 1973 च्या पहाटे विगन कसिनोची पहिली ऑलनायटर झाली आणि ते सत्र डिसेंबर 1981 पर्यंत चाललं. दारू मिळत नसे. मध्यरात्रीनंतर सुरू, सकाळी आठला शेवट. लाकडी फ्लोअरवर पाय सरकावेत म्हणून लोक टाल्कम पावडर टाकत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे. ‘ही रेकॉर्ड विगनला वाजली होती’ असं सासरे म्हणतात तेव्हा त्या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. हे गाणं तिथे वाजलं होतं का? तुमच्या हातातलं हे छापील रूप त्या काळातलं आहे का? आणि ही विशिष्ट तबकडीच तिथे टर्नटेबलवर फिरली का? माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं पहिल्या गोष्टीबाबत बरोबर असतात, दुसऱ्या गोष्टीबाबत त्यांनी कधी विचारच केलेला नसतो, आणि तिसरी जवळजवळ कधीच खरी नसते. डीजेकडची प्रत डीजेकडेच राही. नाचणाऱ्याच्या खोक्यात असते ती नंतर मिळालेली, पुन्हा छापलेली, किंवा तिथल्याच बाल्कनीत खोकी मांडून बसलेल्या विक्रेत्यांकडून घेतलेली. सासरे खोटं बोलत नाहीत. त्यांना गाणं आठवतंय आणि हातात आहे ती त्या गाण्याची रेकॉर्ड, एवढंच.

आणखी एक गुंता आहे. डीजेकडेसुद्धा नेहमी अमेरिकन मूळ प्रत नसे. मूळ रेकॉर्डवरून एक-एक प्रत कापून घ्यायची पद्धत होती. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर, त्यावर खाचा. इथे त्याला ब्रँडच्या नावावरून ‘एमिडिस्क’ म्हणतात. ती थोडी वाजवली की आवाज झिजतो. खोक्यात नेहमीपेक्षा जड, कडेला धातू दिसणारी, हाताने नाव लिहिलेली एखादी चकती सापडली तर ती अजिबात वाजवू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असण्याची थोडीफार शक्यता असते ती अशाच चकतीच्या बाबतीत.

छापील रूपाने किती फरक पडतो याचं माझं आवडतं उदाहरण डॅरेल बँक्सचं ‘ओपन द डोअर टू युअर हार्ट’. 1966 चं हे गाणं अमेरिकेत रेव्हिलॉट लेबलवर आलं आणि तिकडे चाललंही, त्यामुळे ती प्रत आजही सहज मिळते. ब्रिटनमध्ये ते स्टेटसाइड लेबलवर निघालं. पण त्याआधी लंडन नावाच्या लेबलने ते काढायची तयारी केली होती, हक्कांच्या वादात ते थांबलं, आणि त्याची विक्रीसाठी छापलेली एक प्रत कुठूनतरी वाचली. ती काही वर्षांपूर्वी लिलावात 14,543 पौंडांना गेली. तेच गाणं, तोच आवाज, तीच लांबी. नाचणाऱ्याला तिन्हींत काडीचा फरक नाही. म्हणून गाण्याचं नाव इंटरनेटवर टाकून जो आकडा दिसेल तो तुमच्या रेकॉर्डला लावू नका. फ्रँक विल्सनच्या मूळ अमेरिकन प्रतीला 2009 मध्ये 25,742 पौंड आले आणि 2020 मध्ये एका प्रतीचा सौदा एक लाख पौंडांना झाला. तुमच्या 1979 च्या ब्रिटिश प्रतीचा त्या आकड्यांशी संबंध नाही.

प्रत कशी ओळखायची हे प्रत्येक लेबलप्रमाणे बदलतं. पण सुरुवात नेहमी एकाच जागेपासून करा. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो तो खिडकीजवळ तिरपा धरून बघा. तिथे अक्षरं आणि आकडे असतात. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात छापलेल्या रेकॉर्डवर छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा दिसतो. मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्यात, जिथे मोटाउनच्या बऱ्याच रेकॉर्ड छापल्या जात, ‘एआरपी’ अशी अक्षरं ठशाने उमटवलेली असतात. मूळ प्रतीवर ठसा असायला हवा तिथे कुणीतरी सुईने ओरखडून आकडे लिहिलेले दिसले तर संशय घ्या. लेबलची छपाई फोटोवरून फोटो काढल्यासारखी पुसट असेल, बारीक अक्षरांची पोटं भरली असतील, तरीही संशय घ्या. पण यातली एकच खूण पाहून निकाल देऊ नका. काही मूळ प्रतींवरही हाताने कोरलेले आकडे असतात, आणि त्या लेबलची दुसरी खात्रीची प्रत शेजारी ठेवल्याशिवाय मीही बोलत नाही.

मधलं भोकही बघा. मोठं, साधारण दीड इंचाचं भोक अमेरिकन प्रतीला असतं. ब्रिटिश प्रतीला लहान भोक किंवा काढता येणारा मधला तुकडा. लेबलमधून आरपार गेलेलं बारीक छिद्र दिसलं तर घाबरू नका. न खपलेला माल स्वस्तात काढताना अमेरिकेत तसं छिद्र पाडत. अशा मालाची खोकीच्या खोकी इकडे आली आणि या सगळ्या वेडाचा मोठा भाग त्यावर पोसला गेला.

बऱ्याच अमेरिकन 45 व्हिनाइलच्या नसून स्टायरिनच्या असतात. ते कडक, ठिसूळ प्लॅस्टिक. नखाने हलकेच टिचकी मारली तर आवाज जास्त टणक येतो. झिजलेली सुई त्यांचा एका वाजवण्यात नाश करते. सासऱ्यांचा जुना प्लेअर माळ्यावरून काढलात तर आधी सुई बदला. स्पिरिट लावू नका. फार धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मऊ कापड फिरवा, लेबल कोरडं ठेवा.

आणि एक कळकळीची विनंती. लेबलवर चिकटवलेला पांढरा कागद, पेनने लिहिलेली आद्याक्षरं, पाकिटावरचं खोटं नाव, यातलं काहीही काढू किंवा पुसू नका. विक्रीच्या दृष्टीने काहींना तो डाग वाटेल. मला ती त्या रेकॉर्डची वंशावळ वाटते. लोक आपली रेकॉर्ड ओळखू यावी म्हणून लेबलवर अक्षरं टाकत, आणि त्या अक्षरांवरून ती कुणाकुणाच्या हातून गेली हे कधी कधी लागतं.

नकली प्रतींबद्दल माझं मत इथल्या अनेकांपेक्षा वेगळं आहे. ‘फक्त मूळ प्रतीच वाजवायच्या’ हा नियम डीजेंसाठी मला पटतो. शोधायला वर्षं घालवलेल्या माणसाच्या कष्टाचा तो मान आहे, आणि चोरून छापणाऱ्याने गायकाला एक पैसाही दिलेला नसतो. पण एकोणीस वर्षांच्या कामगार पोराने आठवड्याच्या पगारातून घेतलेली नकली प्रत आज पन्नास वर्षांनी कचरा ठरवायला मी तयार नाही. त्याला मूळ प्रत परवडणं शक्यच नव्हतं. नकली निघाली म्हणून ती खोक्यातून बाहेर काढू नका. ती किती वाजवली गेली आहे हे खाचांच्या राखाडी रंगावरून दिसेल, आणि सासऱ्यांचा तो काळ जितका तिच्यात आहे तितका महागड्या प्रतीत नसेल.

आता आठवणी कशा घ्यायच्या ते. मी रेकॉर्ड हातात देऊन ‘ही कुठे ऐकलीत?’ असं विचारत नाही. हातात लेबल आलं की माणूस लेबल वाचून उत्तर देतो. आधी गाणं लावा, पाकीट दाखवू नका, आणि गप्प बसा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जे येतं ते सोन्यासारखं असतं. नंतर विचारा: तेव्हा कुठे उभे होता? सोबत कोण होतं? तिथवर कसे गेलात, कोच (बस) होती की कुणाची गाडी? बॅगेत काय होतं? डीजे कोण हे सर्वांत शेवटी. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि त्यांना सांगूनच ठेवा. चुकलं असं वाटलं तरी मध्ये दुरुस्ती करू नका. एडी फॉस्टरच्या वेळी तुमच्या घरी नेमकं हेच झालंय. मुलाने वडिलांना दुरुस्त केलं आणि गोष्ट तिथेच थांबली.

माझ्या ओळखीतल्या एका आजोबांना गाण्याचं नाव, गायक, साल काहीच सांगता येत नव्हतं. गाणं लावलं तर मधल्या ठोक्यांना त्यांनी खुर्चीच्या हातावर चार थापा अचूक दिल्या आणि म्हणाले, इथे अख्खा फ्लोअर टाळी द्यायचा. त्यांच्या बायकोने दुसऱ्या खोलीतून त्याच जागी टाळी दिली. एवढी साक्ष मला पुरते. शरीरात बसलेली आठवण नावांपेक्षा उशिरा जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मिळालेल्या गोष्टी मग तारखांना लावून बघा, पण भांडण म्हणून नको. टॉर्च आणि विगन यांच्यामध्ये सहा महिन्यांचं अंतर आहे, त्यामुळे ‘त्या वर्षी दोन्हीकडे जायचो’ असं ते म्हणाले तर 1973 च असणार. ब्लॅकपूल मेक्का या डान्स हॉलचं प्रकरण जरा नाजूक. तिथल्या हायलँड रूममध्ये इयन लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस नवी, संथ, त्या काळातली ताजी सोल गाणीही वाजवायला लागले होते, आणि विगनची मंडळी जुन्या धडाक्याच्या ठेक्यावर ठाम होती. यावरून लोकांत चांगलीच फाटाफूट झाली. पण मेक्का रात्री दोनला बंद होई आणि बरेच जण तिथून थेट विगन गाठत. एकाच रात्रीत दोन ठिकाणं झाली तर गाणं या ठिकाणचं त्या ठिकाणी जाऊन बसणारच. ही आठवण खोटी ठरत नाही. फक्त जागा पेन्सिलीने लिहा.

एका बाबतीत मात्र मी सावध असतो. विगनची रात्र शेवटी ठरावीक तीन गाण्यांनी संपायची: टोबी लेजंड, जिमी रॅडक्लिफ, डीन पॅरिश. ‘थ्री बिफोर एट’, म्हणजे आठच्या आधीची तीन. हे इतकं सांगितलं, लिहिलं आणि पुन्हा छापलं गेलंय की जे कधीच गेले नाहीत त्यांनाही ते आठवतं. तसंच ग्लोरिया जोन्सच्या 1965 च्या ‘टेन्टेड लव्ह’चं. रिचर्ड सरलिंग या डीजेने ती रेकॉर्ड 1973 मध्ये अमेरिकेतून आणली, पण 1981 मध्ये सॉफ्ट सेलने ते गाणं घराघरात नेलं आणि अनेकांच्या डोक्यात दोन्ही आवाज एक झालेत. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी सासऱ्यांनी सांगितल्या तर ऐका, पण त्यावर वेळ घालवू नका. कुणालाच माहीत नसलेल्या रेकॉर्डकडे वळा. ‘ही कुणी विचारत नाही, पण मला आवडायची’ अशी एखादी प्रत प्रत्येक खोक्यात असते, आणि खरी माहिती तिथेच सापडते.

कागदपत्रं म्हणाल तर सदस्यत्वाची कार्डं, बॅगेवरचे शिवलेले बिल्ले, वहीतल्या याद्या आणि कॅसेट. लोक टेपरेकॉर्डर घेऊन आत जात. अशी एखादी कॅसेट घरात असेल तर ती खोक्यातल्या सगळ्या रेकॉर्डपेक्षा मोलाची असू शकते, कारण तिच्यावर गाण्यांचा क्रम, डीजेचं बोलणं आणि फ्लोअरचा आवाज आहे. जुनी टेप लगेच वाजवू नका. आतली पट्टी चिकटली असेल तर तुटते. आधी जाणकाराकडून डिजिटल प्रत करून घ्या.

विकायचं की नाही हे घरच्या गरजेवर आहे, त्यात मी पडत नाही. पण क्रम सांगतो. आधी गाणी ऐकवून बोलणं रेकॉर्ड करा, मग प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंचे आणि त्या गुळगुळीत पट्ट्याचे फोटो काढा, मग पाकिटात एक चिठ्ठी घाला ज्यावर सासऱ्यांनी सांगितलेलं नाव आणि लेबलवरचं नाव दोन्ही असतील. त्यानंतरच कुणाला खोका दाखवा, आणि दोघांना तरी दाखवा. ‘सगळा खोका एका रकमेत देता का?’ असं पहिल्याच भेटीत विचारणाऱ्याला नाही म्हणा. त्याला आत एक रेकॉर्ड दिसलेली असते. बहुतेक खोक्यांची किंमत दोन-तीन रेकॉर्डमध्येच असते, तेव्हा गरज पडली तर तेवढ्याच विका. बाकीच्या सासऱ्यांकडे राहू द्यात. त्या विकून मिळणाऱ्या पैशात एका कुटुंबाचं एक जेवणही होणार नाही.

आणि नवऱ्याला सांगा, संध्याकाळी एडी फॉस्टर लावा असं वडिलांना म्हणून बघ.